गळणे आणि गाळणे : शुष्कपर्णधारणेच्या प्रश्नाचा इतिहास

युरोप आणि उत्तर अमेरिका या खंडांच्या समशीतोष्ण पट्ट्यात हिवाळा लागला म्हणजे रुंद पानांचे बहुतेक वृक्ष उघडे पडतात. ॲश, मॅपल, लिंडन यांच्या फांद्यांवर डिसेंबरात एकही पान उरत नाही. परंतु त्याच अरण्यात ओक, बीच आणि हॉर्नबीम या वृक्षांची, विशेषतः त्यांतील कोवळ्या वयाच्या झाडांची, स्थिती निराळी असते. त्यांची पाने शरदात वाळतात, तपकिरी होतात, पण गळत नाहीत. बर्फ पडते, वारे वाहतात, आणि तरीही ती मृत पाने वसंतातील नव्या अंकुरांपर्यंत फांदीला चिकटून राहतात. वनस्पतिशास्त्राच्या लॅटिन परिभाषेत अशा अवयवांना ‘मार्सेसेन्स’ हे विशेषण लावतात. मराठीत या घटनेला रूढ असा एकच शब्द नाही. प्रस्तुत निबंधात ‘शुष्कपर्णधारणा’ ही संज्ञा सोयीसाठी योजली आहे. ती कितपत निर्दोष आहे याचा विचार शेवटी येईल.

ही पाने का गळत नाहीत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वनस्पतिशास्त्राचा आहे. परंतु तो प्रश्न निरनिराळ्या काळी कोणत्या शब्दांत विचारला गेला, त्याचा इतिहास पाहिला असता त्यात भाषेच्या अभ्यासकालाही पुष्कळ सामग्री सापडते. मराठीपुरते बोलावयाचे तर दोन गोष्टी प्रथमच ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, ‘झाडाची पाने गळाली’ आणि ‘झाडाने पाने गाळली’ ही दोन्ही वाक्ये मराठीत शुद्ध आहेत, पण त्यांचा अर्थ एक नव्हे. ‘गळणे’ हे अकर्मक आहे. ‘गाळणे’ हे त्याचे प्रयोजक. संस्कृतातील ‘गलति’ व ‘गालयति’ या रूपांतील स्वरभेद मराठीने ‘पडणे–पाडणे’, ‘मरणे–मारणे’, ‘तरणे–तारणे’ या जोड्यांप्रमाणेच येथेही जपला आहे. हातपाय गळतात ते माणसाच्या इच्छेविरुद्ध. घाम मात्र माणूस गाळतो. दुसरी गोष्ट अशी की, ‘का’ या एका प्रश्नाच्या पोटात मराठीत दोन प्रश्न स्पष्टपणे वेगळे करता येतात : ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’. या दोन जोड्या हाताशी ठेवल्या म्हणजे पुढील इतिहास उलगडणे सोपे जाते.

ग्रीकांपासून आरंभ करणे उचित ठरेल. ॲरिस्टॉटलचा शिष्य आणि त्याच्या विद्यापीठाचा उत्तराधिकारी थिओफ्रास्टस याने इ. स. पूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस वनस्पतींविषयी जो ग्रंथ रचला, त्याच्या पहिल्या भागातच वृक्षांची विभागणी ‘आएइफ्युल्ला’ म्हणजे सदापर्णी आणि ‘फ्युल्लोबोला’ म्हणजे पाने टाकणारे अशा दोन गटांत केलेली आढळते. या विभागणीला असलेले अपवादही त्याने आस्थेने नोंदविले आहेत. क्रीट बेटावरील गॉर्टिन येथे एका झऱ्याकाठी असलेला चिनार पाने टाकीत नाही. झ्यूस आणि युरोपा यांचा समागम त्याच्याच छायेत झाला अशी आख्यायिका आहे. दक्षिण इटलीतील सिबारिस नगराजवळ असाच एक ओक आहे. इजिप्तमधील एलिफंटाइन येथे द्राक्षवेल व अंजीरही पाने टाकीत नाहीत. ही उदाहरणे हिरवी पाने राखणाऱ्या झाडांची आहेत, वाळलेली राखणाऱ्यांची नव्हेत. पान हिरवे आहे तोवर झाडावर आणि मेले की भुईवर, असे धरून चालणाऱ्या या द्विभागणीत मेलेले पान झाडावरच राखणाऱ्या वृक्षाला स्वतंत्र जागा नव्हती.

मौज अशी की, ‘फ्युल्लोबोला’ या शब्दाचा उत्तरार्ध ‘बाल्लो’ म्हणजे ‘फेकणे’ या सकर्मक धातूपासून आलेला आहे. ग्रीक भाषेच्या दृष्टीने झाड पाने फेकते. म्हणजे आपल्या परिभाषेत ‘गाळते’. पण ग्रीकांची उपपत्ती मात्र ‘गळण्या’ची होती. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात पानगळीची तुलना माणसाच्या टकलाशी केली आणि दोहोंचे कारण उष्ण आर्द्रतेची न्यूनता हे सांगितले. ओलावा सरला की केस सुटतो, तसेच पान सुटते. येथे झाड काही करीत नाही. त्याचे काही संपते, इतकेच. शब्द एक सांगतो आणि सिद्धांत दुसरे. भाषेच्या घडणीवरून एखाद्या समाजाची विचारपद्धती अनुमानिण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी हे उदाहरण विसरू नये. लॅटिनमध्ये याच्या उलट प्रकार आहे. ‘डेसिडुउस’ हे विशेषण ‘कादेरे’ म्हणजे ‘पडणे’ या अकर्मक धातूवरून आले, आणि पुढे युरोपातील शास्त्रीय परिभाषेने पानझडी वृक्षांसाठी तेच स्वीकारले. आपल्याकडेही कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात पार्वतीच्या ‘अपर्णा’ या नावाची उपपत्ती देताना, आपोआप गळून पडलेल्या पानांवर निर्वाह करणे ही तपाची परिसीमा आणि तीही तिने सोडली, असे म्हटले आहे. ‘आपोआप’ ही कल्पना येथे महत्त्वाची. ज्याने ते पान टाकले तो वृक्ष या व्यवहारात कर्ता नाही.

स्लाव्ह भाषांत तर पानगळीने महिन्याला नाव दिले. ‘लिस्तोपाद’ म्हणजे ‘पर्णपात’. चेक, पोलिश व युक्रेनियन भाषांत या नावाचे रूप नोव्हेंबरला लागते, क्रोएशियन भाषेत ऑक्टोबरला. लिथुएनियन भाषेतील नोव्हेंबरचे नाव ‘लाप्क्रितिस’ हेही ‘पान’ आणि ‘पडणे’ या दोन शब्दांचाच समास आहे. (स्लाव्ह ‘पाद’चा संबंध संस्कृत ‘पद्यते’शी आहे, मराठी ‘पडणे’ मात्र ‘पतति’पासून प्राकृत ‘पडइ’च्या वाटेने आले. उच्चारसाम्यावरून ही दोन्ही एक मानू नयेत.) पानगळीने कालगणना होऊ लागली की, जे झाड त्या गणनेत बसत नाही ते लोकांच्या डोळ्यांत भरणार हे उघड आहे. जर्मन लोककथेत नेमके हेच घडले.

ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाच्या दुसऱ्या खंडात, जो १८१५ साली प्रसिद्ध झाला, देव आणि सैतान यांच्या जनावरांची एक कथा आहे. तिचा मूळ आधार सोळाव्या शतकातील न्युरेंबर्गचा कवी हान्स झाक्स याच्या रचनांत आहे. सैतानाने शेळ्या निर्माण केल्या. त्या झाडे व वेली कुरतडू लागल्या म्हणून देवाने त्यांच्यावर आपले लांडगे सोडले. सैतानाने भरपाई मागितली. देव म्हणाला, ओकची पाने गळाली की ये, पैसे तयार असतील. पाने गळाली, सैतान आला. तेव्हा देवाने सांगितले की कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमध्ये एक उंच ओक आहे, त्याची पाने अजून जशीच्या तशी आहेत. सैतान शिव्याशाप देत निघाला, सहा महिने रानोमाळ भटकून त्याने ते झाड गाठले, आणि परत येऊन पाहतो तो बाकीचे सारे ओक पुन्हा हिरवेगार झाले होते. कर्ज बुडाले. संतापाने त्याने उरलेल्या शेळ्यांचे डोळे काढून त्यांना आपले डोळे बसविले. म्हणून शेळीचे डोळे तसे दिसतात.

शेळीच्या डोळ्यांची व्युत्पत्ती सांगणे हा कथेचा प्रकट हेतू. पण तिचा कणा आहे तो मुदतीच्या वायद्याचा. आपल्याकडे जशी सुगीच्या बोलीवर उसनवारी चाले, तशीच येथे ओकच्या पानगळीवर फेडीची मुदत ठरली आहे. आणि ज्याने ही मुदत सुचविली त्याला ठाऊक आहे की ओकच्या बाबतीत ‘पाने गळाली’ असा निश्चित दिवस कधी येतच नाही. एका झाडाची गळाली तरी दुसऱ्याची उरतात, आणि शेवटचे गळेपर्यंत पहिल्याला पालवी फुटते. जर्मन भाषेत ओकच्या एका जातीला ‘विंटरआइखं’ म्हणजे ‘हिवाळी ओक’ म्हणतात. तिची वाळलेली पाने हिवाळ्यात पुष्कळ काळ टिकतात म्हणून हे नाव पडले, असे स्पष्टीकरण दिले जाते. कायद्याच्या भाषेत संदिग्ध अट घालून ऋणकोने सावकाराला नागविल्याची ही कथा आहे, आणि तिच्यातील ऋणको देव असल्यामुळे श्रोत्यांना त्यात अन्याय वाटत नाही, हाही तिचा एक गमतीचा भाग.

जर्मन शेतकऱ्याने ज्या लक्षणात फसवणूक पाहिली त्याच लक्षणात जपानी माणसाने निष्ठा पाहिली. ‘काशिवा’ ही ओकचीच एक पूर्व आशियाई जात. तिची मोठी, नागमोडी काठांची पाने वाळल्यावरही हिवाळाभर झाडावर राहतात. या झाडावर पाने राखणारा देव, ‘हामोरी नो कामी’, वास करतो अशी समजूत हेइआन काळातील वाङ्मयात आढळते. इ. स. १००० च्या सुमारास सेइ शोनागोन हिने आपल्या ‘माकुरा नो सोशी’ या स्फुटग्रंथात या देवाचा उल्लेख केला आहे. राखणदाराचे झाड म्हणून ‘काशिवागी’ हा शब्द राजवाड्याच्या रक्षकदलातील अधिकाऱ्यांचा पर्याय बनला. ‘गेंजी मोनोगातारी’तील एका दुर्दैवी पात्राचे रूढ नाव आणि त्या ग्रंथाच्या छत्तिसाव्या प्रकरणाचे शीर्षक हेच आहे. पुढे एदो काळात पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, मुलग्यांच्या सणाला, काशिवाच्या पानात गुंडाळलेली तांदळाच्या पिठाची गोड मोची खाण्याची चाल पडली. नवे पान फुटेपर्यंत जुने गळत नाही, म्हणजे वारस आल्याखेरीज घराचा कर्ता जात नाही, असा वंशसातत्याचा अर्थ तिला दिला गेला. पश्चिम जपानात काशिवाचे झाड दुर्मीळ. तेथे घोटवेलीच्या वर्गातील एका वेलीचे पान वापरतात, आणि त्या पानाला हा अर्थ मुळीच लागू पडत नाही. तरी सण चालतो. प्रतीके एकदा रुजली की मूळ वस्तूवाचूनही जगतात. फार पूर्वी काशिवाची पाने अन्न वाढण्यासाठी वापरीत, आपल्याकडील पळसाच्या पत्रावळीसारखी. त्यामुळे मोचीभोवतीचे पान त्या जुन्या वापराचाही अवशेष असू शकेल.

सैतानाची कथा आणि मुलग्यांचा सण यांत एक समान गृहीत आहे. दोन्हींत पान टिकणे ही असाधारण, कर्तृत्वाची गोष्ट आहे. ती घडविण्यासाठी देव लागतो. पान गळणे मात्र साहजिक. त्याला कोणी लागत नाही. शास्त्रालाही या गृहीतातून बाहेर पडण्यास बराच अवधी लागला.

हे गृहीत उलटे करण्याचे श्रेय मुख्यतः ट्यूबिंगेन येथील वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो फॉन मोल (१८०५–१८७२) याला द्यावे लागते. १८६० साली ‘बोटानिशे त्साइटुंग’ या नियतकालिकात त्याने पानाच्या सांध्यातील शारीर बदलांवर लेखन प्रसिद्ध केले. पान गळण्यापूर्वी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पडदा सिद्ध होतो आणि त्या पडद्यातील पेशी एकमेकींपासून सुटतात, असे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. या पडद्याला त्याने दिलेल्या जर्मन नावाचा अर्थ ‘विलग करणारा थर’ असा होतो. जखम बुजविणारा बुचाचा थर आणि हा विलग-स्तर या दोन भिन्न वस्तू आहेत, हे त्याने स्पष्ट केले. त्याच्यापूर्वी या दोहोंची गल्लत होत असे. विलग-स्तर ही जिवंत पेशींची क्रिया आहे. तेव्हा पान ओलावा सरल्यामुळे सुटत नाही. झाड त्याला सोडविते. ते गळत नाही, गाळले जाते.

याचा पडताळा पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचीही आवश्यकता नाही. उन्हाळ्यात वादळाने मोडलेली ओकची फांदी पाहावी. तिची पाने वाळून कोळ होतात, पण एकही गळत नाही. उलट त्याच झाडाच्या जिवंत फांद्या शरदात मोकळ्या होतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी भाताच्या रोपासाठी राब भाजण्याकरिता ऐनाचे वा अन्य झाडांचे टहाळ तोडून वाळविण्याची जी पद्धत आहे, तिचा सारा आधार याच नियमावर आहे. तोडलेल्या टहाळाचा पाला फांदीलाच राहतो. म्हणून तो जंगलातून शेतापर्यंत भाऱ्याने आणता येतो. तोच पाला झाडावर ठेवला तर कोरड्या ऋतूत त्यातील बहुतेक पाने भुईवर येतील. मेलेली फांदी पाने टाकू शकत नाही, ही गोष्ट राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला तुऱ्यापासून मुळापर्यंत ठाऊक होती. ती सिद्धांताच्या स्वरूपात मांडण्याची त्याला निकड पडली नाही इतकेच.

मोलच्या या शोधाने शुष्कपर्णधारणेचा प्रश्न सुटला नाही, पण त्याचे रूप पालटले. ‘ही पाने टिकतात कशी?’ हा प्रश्न मागे पडून ‘या झाडांनी पाने गाळण्याचे काम वेळेवर का पुरे केले नाही?’ असा प्रश्न पुढे आला.

त्या कामाची प्रेरणा कोठून येते, याचा शोध एका आडवाटेने लागला. १८६४ साली गिरार्डिन याने जर्मनीतील एका शहरात नळांतून गळणाऱ्या दिव्याच्या वायूमुळे रस्त्याकडेची झाडे निष्पर्ण झाल्याचे नोंदविले. १९०१ साली सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह याने वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून या वायूतील प्रभावी घटक एथिलीन हा असल्याचे दाखविले; आणि १९३४ साली रिचर्ड गेन याने वनस्पती स्वतःच एथिलीन निर्माण करतात हे सिद्ध केले. दरम्यान, १९३३ साली फ्रिट्स लाइबाख याने पानाच्या पात्यातून येणारे वृद्धिद्रव्य देठाला गळू देत नाही, या निष्कर्षाकडे नेणारे प्रयोग केले होते. आज मान्य असलेले चित्र या दोन धाग्यांचे बनले आहे. पाते सशक्त आहे तोवर त्यातून येणारे ऑक्सिन विलग-स्तराला शांत ठेवते. पाते थकले की ऑक्सिन घटते, एथिलीनचा अंमल चालू होतो आणि पेशीभित्ती विरघळविणारी विकरे आपले काम करतात.

याच प्रकरणात नामकरणाची एक चूक घडली, तिचा उल्लेख येथे अस्थानी होणार नाही. १९६३ साली फ्रेडरिक ॲडिकट व त्यांचे सहकारी यांनी कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून एक द्रव्य वेगळे केले. ते बोंडे गाळण्यास कारण होते अशा समजुतीने त्यास ‘ॲब्सिसिन’ हे नाव मिळाले, आणि १९६७ साली ओटावा येथील परिषदेच्या वेळी ‘ॲब्सिसिक आम्ल’ हे नाव निश्चित झाले. ‘ॲब्सिन्देरे’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘तोडून वेगळे करणे’. पुढील संशोधनात असे दिसले की बहुतेक वनस्पतींत पाने गाळण्याचे प्रत्यक्ष काम एथिलीन करते. ‘तोडणारे आम्ल’ मुख्यतः पाण्याचा तुटवडा आणि बीजाची निद्रा यांच्याशी संबंधित आहे. नाव मात्र राहिले. लॅटिन ‘डेसिडुउस’ हे अकर्मक नाव सकर्मक क्रियेला चिकटले आहे आणि ‘ॲब्सिसिक’ हे सकर्मक नाव, ती क्रिया जो करीत नाही त्याला. परिभाषेत व्युत्पत्तीला किती किंमत द्यावी याविषयी जे वाद होतात, त्यांत या जोडीचा दाखला उपयोगी पडेल.

शुष्कपर्णी झाडांच्या देठाची प्रत्यक्ष तपासणी अमेरिकेत झाली. अर्ल बर्कली याने १९३१ साली ओकच्या काही जातींच्या अशा पानांचा अभ्यास ‘बोटॅनिकल गॅझेट’ मध्ये प्रसिद्ध केला. १९४९ साली त्याच नियतकालिकात होशॉ आणि गार्ड यांनी पिन ओक व स्कार्लेट ओक या दोन जातींवर लिहिले. पिन ओकविषयी जे आढळले ते महत्त्वाचे आहे. पानाचे पाते वाळून गेले तरी देठाचे बूड हिवाळाभर जिवंत राहते, आणि विलग-स्तराची घडण वसंतात पुरी होते. म्हणजे हे पान पूर्णपणे मेलेले नसते. त्याचा झाडाशी जोडलेला शेवटचा अंश जिवंत असतो. अकाली कडक थंडीने पाने एकाएकी मेली तर एरवी पाने गाळणाऱ्या झाडांवरही ती लटकत राहतात. परंतु ते मोडक्या फांदीसारखे आहे, अपघातासारखे. पिन ओकचे तसे नाही. तेथे काम खोळंबलेले नाही, लांबणीवर टाकलेले आहे. ‘कशामुळे’ या प्रश्नाचे उत्तर येथवर बरेच स्पष्ट होते.

याच प्रश्नाची दुसरी बाजू डेन्मार्कच्या वनविद्येने उजेडात आणली. बीच हा त्या देशाचा प्रमुख वृक्ष. बीचची लहान झाडे पाने राखतात आणि मोठी गाळतात. पण मोठ्या झाडाच्याही खालच्या व आतल्या फांद्या पुष्कळदा पाने राखतात, ही गोष्ट माळ्यांना जुन्या काळापासून परिचित होती. शाफालिट्स्की द मुकाडेल या डॅनिश संशोधकाने १९५० नंतरच्या दशकात या फांद्यांची कलमे करून पाहिली. ज्या भागावर पाने टिकत तेथील कलमांनी पाने राखली. शेंड्याकडील कलमांनी ती गाळली. तेव्हा हे लक्षण जागेवर नव्हे, तर पेशीसमूहाच्या ‘वया’वर अवलंबून आहे असे दिसले. येथे ‘वय’ या शब्दाचा अर्थ सावधपणे घेतला पाहिजे. वृक्षाचा बुंध्याजवळचा भाग वर्षांच्या हिशेबाने सर्वांत जुना, पण स्वभावाने तो बालच राहतो. शेंड्याचा भाग कालचा, पण स्वभावाने प्रौढ. एकाच शरीरात सर्वांत जुने ते सर्वांत तरुण आणि सर्वांत नवे ते सर्वांत वृद्ध, अशी ही उलटी रचना आहे. माणसाच्या वयावरून बनलेले आपले शब्द तिला पुरे पडत नाहीत.

बीच व हॉर्नबीमची कुंपणे वर्षानुवर्षे छाटली जातात आणि त्यामुळे हे बाल्य त्यांच्यात टिकून राहते. हिवाळ्यातही ती पानांनी भरलेली असतात. जर्मनीच्या आयफेल प्रदेशात माँशाऊच्या आसपासच्या खेड्यांतून घरांच्या पश्चिमेस घरांइतकी उंच बीचची कुंपणे वाढविलेली आहेत. पश्चिमेकडून येणारा वारा आणि बर्फ अडविण्यासाठी. मेलेल्या पानांचा तेथे भिंतीसारखा उपयोग होतो. लोकांनी या लक्षणाचा उपयोग शोधला. आता झाडाला त्याचा काय उपयोग, हा ‘कशासाठी’चा प्रश्न उरतो.

अर्न्स्ट मायर याने १९६१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जीवशास्त्रातील कारणांचे निकटवर्ती व मूलगामी असे दोन प्रकार पाडले, तेव्हापासून हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचा दंडक पडला. (मराठीच्या विद्यार्थ्याला हा भेद ‘कशामुळे’ व ‘कशासाठी’ या दोन शब्दांनी पाच मिनिटांत समजावून देता येतो.) दुसऱ्या प्रश्नाची सर्वांत भक्कम उत्तरे युरोपातून नव्हे, अँडीज पर्वतातून आली आहेत. तेथे एस्पेलेटिया नावाची, सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती उंच पठारांवर वाढते. तिच्या खोडाभोवती मेलेल्या पानांचा जाड झगा असतो. स्पॅनिश भाषेत तिला ‘फ्रायलेहोन’ म्हणजे ‘थोराड भिक्षू’ म्हणतात; धुक्यात उभी असलेली ती झाडे झगा घातलेल्या मठवासीयांसारखी दिसतात. ॲलन स्मिथ याने १९७९ साली व्हेनेझुएलातील एका जातीच्या खोडांवरील ही पाने काढून पाहिली, आणि झगा गेलेल्या झाडांत मरणाचे प्रमाण वाढले. रोज रात्री गोठणाऱ्या त्या प्रदेशात मेलेली पाने खोडाचे थंडीपासून रक्षण करतात. या उदाहरणात प्रयोग झाला, आणि उत्तर मिळाले.

ओक व बीच यांविषयी असे निर्णायक उत्तर अद्याप नाही. १९८१ साली ओटो आणि निल्सन या स्वीडिश संशोधकांनी ‘ओइकोस’ मध्ये असे प्रतिपादिले की, पाने वसंतात खाली पडली म्हणजे त्यांतील पोषकद्रव्ये मुळांना ज्या वेळी हवी त्याच वेळी मिळतात. शरदात पडली तर ती हिवाळ्यात पावसाने वाहून जातात. या मतावर लवकरच आक्षेप आले, आणि ते सहज सुचण्याजोगे आहेत. एका झाडाने वसंतासाठी राखलेले खत शेजारच्याही मुळांना मिळते. आणि ज्या उंच फांद्यांवर पाने सर्वांत जास्त त्याच पाने गाळतात, हे या उपपत्तीशी जुळत नाही. दुसरे मत असे की, वाळकी पाने खालच्या कळ्यांना हरणांच्या दाढेपासून वाचवितात. डेन्मार्कमधील स्वेन्सन याने २००१ साली हरणांपुढे पाने काढलेल्या व न काढलेल्या डहाळ्या ठेवून पाहिल्या. हरणांनी उघड्या डहाळ्या अधिक पसंत केल्या. हे मत निदान पाने खालीच का राहतात याची संगती लावते, कारण हरणाचे तोंड जेथवर पोचते तेथवरच झाडाचे ‘बाल्य’ असते. तथापि दोन सीमा एकमेकींवर बसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. लहान झाडे सर्वच प्राण्यांच्या टप्प्यात असतात, आणि लहान झाडांची अन्य अनेक लक्षणेही मोठ्यांहून भिन्न असतात. त्या सर्वांचे श्रेय हरणाला देता येणार नाही.

तिसरा विचार इतिहासाचा आहे. स्पेन व पोर्तुगालमध्ये सदापर्णी ओकची कोरडी वने आणि उत्तरेकडील पानझडी वने यांच्या मधल्या पट्ट्यात शुष्कपर्णी ओकची वने आढळतात; तेथील शास्त्रज्ञ त्यांना स्वतंत्र प्रकारच मानतात. त्यावरून असे सुचविले जाते की, ओकच्या कुळाची घडण मुळात उबदार प्रदेशातील, सदापर्णी. पाने गाळण्याची विद्या त्यांनी पुढे आत्मसात केली आणि काहींनी ती अर्धीच. हे खरे असेल तर ‘कशासाठी’ हा प्रश्नच अंशतः चुकीचा ठरतो. भाषेत जसे एखादे जुने रूप कशासाठी टिकले असे विचारण्यात अर्थ नसतो, ते अद्याप गेलेले नाही इतकेच उत्तर असते, तसेच येथेही असणे शक्य आहे. मात्र पिन ओकच्या देठाचे हिवाळाभर जिवंत राहणारे बूड या मताच्या आड येते. केवळ आळसाने उरलेल्या गोष्टीसाठी झाड पाच महिने एवढी तरतूद करील, असे सहसा वाटत नाही. तिन्ही मतांत हरणांचे मत आज अधिक सबळ दिसते, पण ते सिद्ध झाले आहे असे म्हणणे घाईचे होईल.

आता परिभाषेविषयी. ‘मार्सेसेन्स’ हे ‘मार्सेस्केरे’ या धातूचे वर्तमानकालवाचक धातुसाधित, आणि त्यातील ‘स्क’ हा प्रत्यय लॅटिनमध्ये क्रियेचा आरंभ दाखवितो. म्हणजे मूळ अर्थ ‘कोमेजू लागलेला’. टिकण्याचा, चिकटून राहण्याचा अर्थ त्यात कोठेच नाही. तो वनस्पतिशास्त्राने संकेताने घातला. इटलीत १८१९ साली पोलेंटावर रक्तासारखे लाल डाग पाडणाऱ्या जीवाणूला बार्तोलोमेओ बित्सिओ याने हेच विशेषण दिले, तेथे ते चटकन विरून जाण्याच्या अर्थाने आहे, म्हणजे वनस्पतिशास्त्रातील वापराच्या जवळजवळ उलट. मराठीत ‘शुष्कपर्णधारणा’ म्हटले की ‘धारण करणे’ हा सकर्मक व्यापार झाडाच्या माथी येतो; आणि अकाली थंडीने मेलेल्या पानांच्या बाबतीत तो अर्थ खोटा आहे, कारण तेथे झाड काहीच धरीत नाही, ते फक्त गाळू शकलेले नाही. पिन ओकच्या बाबतीत मात्र तोच अर्थ खरा ठरतो. या दोन स्थितींसाठी दोन शब्द करावयाचे असल्यास पहिलीला ‘अगलित’ आणि दुसरीला ‘धृत’ ही विशेषणे चालू शकतील. जर्मन कथेतील कॉन्स्टँटिनोपलचा ओक कोणत्या वर्गात पडतो, हे मात्र सैतानालाच विचारावे लागेल.